घरचाच पत्ता

मी गॅसवर पिठलं ढवळत होते, तेवढ्यात स्वप्नाली बुगडचा मेसेज आला. "काकू, हे वाचा आणि मला फोन करा." खाली फोटो होता, तिला खासगीत आलेल्या मजकुराचा. पाठवणाऱ्याचं नाव 'रानवाघ'. नावाशेजारी वाघाचं चित्र, तेही जबडा उघडलेलं.

"वांग्याची पोस्ट आजच्या आज काढ. मोठ्या माणसांवर चिखल उडवणाऱ्या बायांचं काय होतं ते तुला अजून कळलेलं नाही. तू कुठे राहतेस ते मला माहीत आहे. खाली मेडिकल, वर तू. जिन्यात कुणी गाठलं तर तुझी हाक खालपर्यंत जाणार नाही."

पिठल्याच्या गुठळ्या झाल्या. मी गॅस बंद केला आणि आधी हसले, खोटं कशाला सांगू. पोस्टखात्यात एकतीस वर्षं काढली मी, त्यातली शेवटची सहा सांगलीला पोस्टमास्तर म्हणून. निनावी पत्रांचं मला कौतुक नाही. ज्याला स्वतःच्या नावाने शिंकायची छाती नाही तोच असले उद्योग करतो. आणि म्हणे वाघ.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. निवृत्तीनंतर मी आणि शेडबाळे सरांनी मिळून फेसबुकवर 'मूठभर बियाणं' नावाचा गट काढला होता. गावरान भाज्यांचं बी फुकट वाटायचं, एवढंच काम. ज्याला बी हवं त्याने जयसिंगपूरला सरांकडे पाकीट पाठवायचं, आणि त्या पाकिटाच्या पोटात स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून दुसरं पाकीट घालायचं. सर त्यात दहा बिया टाकून परत धाडणार. बी सरांचं आणि पोस्टाची अक्कल माझी. नियमही मीच लिहिले होते. चौथा नियम असा की पत्ता घरचाच हवा, ऑफिसचा किंवा दुकानाचा चालणार नाही. ऑफिसात गेलेली पाकिटं शिपायाच्या टेबलावर महिना महिना कशी पडून राहतात ते मी आयुष्यभर बघितलं होतं.

बघता बघता अकरा हजार माणसं झाली. त्यातली निम्मी सरांच्या सुविचारांना हात जोडायलाच आलेली. सर निवृत्त मुख्याध्यापक. रोज सकाळी सहाला एक सुविचार टाकायचे, मातीशी इमान राखा वगैरे. त्यांचं नाव झालं ते काळ्या वांग्यामुळे. आजीने मडक्यात राखलेलं शंभर वर्षांचं वाण, असं ते सांगायचे. त्याबद्दल येत्या रविवारी एक संस्था त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार होती.

आणि नेमकं त्याच वांग्याचं पितळ स्वप्नालीने उघडं पाडलं होतं.

ही इचलकरंजीची. वय अठ्ठावीस-एकोणतीस, फार्मसी शिकलेली, आवटी नावाच्या माणसाच्या मेडिकलमध्ये नोकरीला. नवऱ्याचा पगार यंत्रमागावरचा, माग चालले तर चालला. घर हिच्या नोकरीवर उभं होतं. भाड्याच्या घराच्या गच्चीवर रंगाच्या बादल्यांत भाज्या लावायची. सरांच्या दहा बियांची पहिली झाडं तिला एकसारखी आली. तिने फुलांना मलमलच्या पिशव्या बांधल्या, म्हणजे दुसऱ्या वांग्याचा पराग शिरायला नको, आणि घरचं बी धरून पुन्हा लावलं. दुसऱ्या खेपेला सहा झाडांना सहा तऱ्हा. एकाला लांबट जांभळी, एकाला हिरवी रेघारेघांची, एकाला तर चक्क पांढरी. तिने फोटो टाकले आणि खाली दोन ओळी लिहिल्या: "गावरान वाण दुसऱ्या पिढीत असं फुटत नाही. हे दुकानातलं संकरित बी आहे. सरांनी खुलासा करावा."

एक शब्द वावगा नव्हता त्यात. वाचल्यावर मलाही कळलं होतं की पोरगी बरोबर बोलते आहे. तरी तिला फोन लावून मी काय म्हटलं असेल?

"अगं, काढून टाक ती पोस्ट. चार दिवस गप्प बस. त्या वाघाला ब्लॉक कर आणि विसर."

ती म्हणाली, "काकू, माझी वांगी खोटी आहेत का?"

"तसं कुठे म्हणते मी? पण सरांचं वय बघ. रविवारी सत्कार आहे. उगाच गटात तंटा नको."

"धमकी मला आलीय, आणि गप्पही मीच बसू?"

"बघते मी," म्हणून मी फोन ठेवला आणि आयुष्यातली सगळ्यात मूर्ख गोष्ट केली. तो फोटो मी शेडबाळे सरांना पाठवला. गटाचे दोघेच चालक, मी आणि ते. सल्ला विचारायचा तर दुसरं होतंच कोण?

सरांचं उत्तर पाच मिनिटांत आलं. "अत्यंत विकृत प्रकार. मन विषण्ण झाले. तथापि पोलिसात जाऊ नये असे वाटते, त्यात मुलीचेच नाव खराब होते. तिने पोस्ट काढून संयम दाखवावा. वडीलकीच्या नात्याने सांगतो."

तथापि. धमकीच्या मेसेजला तथापि लिहिणारा माणूस. तेव्हा मात्र मला ते भारदस्त वाटलं, आणि मी ते तसंच्या तसं स्वप्नालीला पाठवलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिने पोस्ट काढली नाही. बुधवारी रानवाघाचे आणखी दोन मेसेज आले, पहिल्यापेक्षा घाण, ते मी इथे लिहीत नाही. गुरुवारी सकाळी तिचा फोन आला तेव्हा आवाज बसला होता.

"मालकांनी मेसेज वाचले, काकू. संध्याकाळी जरा लवकर सोडा म्हणायला गेले, तर कारण विचारलं. मग दाखवावे लागले."

"मग काय म्हणाले?"

"पोस्ट काढ, त्या सरांची माफी माग, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. ही भानगड माझ्या दारात नको, म्हणाले."

मी पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि इचलकरंजीची एसटी धरली.

मेडिकल बसस्टँडपासून जवळच होतं. आवटी गल्ल्यावर बसले होते, कपाळाला गंध, हातात मोबाईल. स्वप्नाली काउंटरला उभी राहून एका म्हाताऱ्याला गोळ्या कधी घ्यायच्या ते तिसऱ्यांदा समजावत होती. दुकानाच्या बाजूने एक अरुंद जिना वर गेलेला. मी तिला म्हटलं, "चल, तुझ्या घरी बसून बोलू," आणि जिन्याकडे वळले.

"तिकडे कुठे, काकू?"

"वर राहतेस ना तू?"

"नाही हो. वर मालकांच्या आई असतात, एकट्याच. म्हणून तर ते एवढे घाबरलेत. माझं घर पार शहापुरात, इथून अर्धा तास चालत."

मी पायरीवरचा पाय खाली घेतला. "अगं, पण त्याने लिहिलंय, खाली मेडिकल आणि वर तू."

"चुकीचं लिहिलंय. मी मालकांनाही तेच सांगितलं, की त्याला माझं घर ठाऊकच नाही. तर ते म्हणाले, मग तो वर आला म्हणजे माझ्या आईलाच गाठणार."

आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. मी पोस्टातली बाई. पत्ता चुकला म्हणजे तो कुठेतरी चुकलेलाच लिहिलेला असतो, हे मला शिकवावं लागत नाही. मी विचारलं, "तू मेडिकलच्या वर राहतेस असं कुणाला कधी सांगितलं होतंस? नीट आठव."

"कुणाला कशाला सांगू?" ती कपाकडे बघत राहिली. मग तिचे कान लाल झाले. "काकू, रागावू नका. तुमचा तो चौथा नियम. घरी दिवसा सासूबाईंशिवाय कुणी नसतं. त्यांना ऐकू येत नाही, पोस्टमन हाका मारून परत जातो. दुकानाचा पत्ता दिला तर तुम्ही बी देणार नाही. म्हणून पाकिटावर लिहिलं, वरचा मजला, आवटी मेडिकल. पोस्टमन काय, दुकानातच देऊन जातो."

"फेसबुकवर लिहिलं होतंस?"

"कुठेच नाही. फक्त त्या पाकिटावर."

"किती पाकिटं पाठवलीस?"

"एकच. वांग्याचं."

चहा तसाच राहिला. त्या पोरीला त्या क्षणी कळलं की नाही कोण जाणे, पण मला कळलं. ते पाकीट जगात एकाच माणसाने हातात धरून वाचलं होतं. गटाच्या अकरा हजार माणसांत ती मेडिकलच्या वर राहते असं समजणारा एकच होता, आणि मी त्यालाच विचारायला गेले होते की सर, आता काय करावं.

"शेडबाळे सर?" ती हळूच म्हणाली. म्हणजे तिलाही कळलं होतं.

"पोलिसात जाऊ या," मी म्हटलं.

"घरी पोलीस आले तर सासरे आधी माझा मोबाईल काढून घेतील, मग नोकरी. मला त्या माणसाला तुरुंगात नाही घालायचं, काकू. मला सोमवारी कामावर यायचंय."

शुक्रवारी सकाळी मी जयसिंगपूरला सरांच्या दारात. वहिनी लेकीकडे गेलेल्या. सर पडवीत चटईवर बसून बिया निवडत होते, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. मला बघून उठले. "या मगदूम बाई. त्या मुलीचं कळलं का काही? मला तर रात्रभर झोप नाही."

नटाला बक्षीस द्यावं असा चेहरा केला होता.

"पत्त्यांची वही बघायचीय जरा," मी म्हटलं.

सर आलेला प्रत्येक पत्ता एका जाड वहीत उतरवून ठेवायचे, मोत्यासारख्या अक्षरात. त्या वहीचा त्यांना अभिमान. पण त्या दिवशी म्हणाले, "वही? कुठे ठेवलीय कोण जाणे."

"तुमच्या मांडीखाली आहे."

मी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. शेवटी दिली. 'ब' उघडलं. बुगड, स्वप्नाली. वरचा मजला, आवटी मेडिकल, इचलकरंजी. आणि त्याखाली लाल शाईची रेघ, दोनदा ओढलेली. नापास पोराच्या गुणांखाली मारावी तशी.

"सर, ही मुलगी तिथे राहत नाही," मी म्हटलं. "कधीच राहत नव्हती. बी मिळावं म्हणून तिने तुम्हाला खोटा पत्ता लिहिला. फक्त तुम्हाला. आणि वाघाला बरोबर तोच खोटा पत्ता ठाऊक आहे."

सरांनी हातातली बी परातीत टाकली. दुसरी उचलली, तीही टाकली. मला वाटलं आता नाकारतील, चोराच्या उलट्या बोंबा सुरू होतील. पण तेवढाही दम नव्हता त्यांच्यात.

"धमकी नव्हती हो ती," ते म्हणाले. "जरा दटावलं. चाळीस वर्षं शिक्षक होतो, दटावायची सवय लागते."

"जिन्यात गाठायचं दटावणं कुठल्या शाळेत चालतं?"

"रागाच्या भरात लिहिलं गेलं. मी काय खरंच जाणार होतो? मला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही."

ऐका. एका पोरीची चार दिवस झोप उडवली, तिच्या पोटावर पाय आला, आणि हा म्हणतो मला जिना चढवत नाही. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. या माणसाच्या मी पाया पडले होते एका दिवाळीत.

"आणि वांग्याचं बी?"

"आजीचं बी संपलं होतं दोन वर्षांपूर्वी. कीड लागली. लोक मागतच होते. मग बाजारातलं पाकीट फोडून…" ते थांबले. "लोकांचा विश्वास मोडायचा नव्हता मला, बाई."

"संपलं असं लिहायचं होतं. लोकांनी हळहळ केली असती."

"माझं नाव झालं होतं."

एवढंच एक वाक्य खरं बोलले त्या दिवशी.

मग मी माझं सांगितलं. उद्या सकाळी माझ्यासोबत इचलकरंजीला यायचं. आवटींसमोर उभं राहून, मेसेज मीच लिहिले, असं सांगायचं. रविवारी शाल घ्यायची नाही. वांग्याचा खुलासा गटात स्वतः लिहायचा आणि चालक म्हणून बाजूला व्हायचं. यातलं एक जरी हुकलं तर ही वही, ते मेसेज आणि मी, तिघं पोलीस ठाण्यात.

"दुकानात? चारचौघांत?" सर म्हणाले. "मी तिला पत्र लिहून देतो ना माफीचं. खासगीत."

"खासगीत तुम्ही बरंच लिहिलंय," मी म्हटलं. वही मी पिशवीत घातली ती घातलीच.

शनिवारी साडेदहाला आम्ही मेडिकलसमोर रिक्षातून उतरलो. सर इस्त्रीचे कपडे आणि टोपी घालून आले होते, लग्नाला आल्यासारखे. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. स्वप्नालीने आम्हाला पाहिलं आणि हातातलं गोळ्यांचं पाकीट खाली ठेवलं. तिला मी आदल्या दिवशीच कळवलं होतं.

सर काउंटरला टेकून कुजबुजले, "बाळ, चूक झाली माझ्याकडून."

"मला नाही सांगायचं," स्वप्नाली म्हणाली. "मालकांना सांगा. ऐकू जाईल असं."

आवटींनी मोबाईलमधून मान वर केली. सरांनी घसा साफ केला. शाळेत हजार पोरांना प्रार्थना सांगणारा आवाज तो, पण आता दोरा तुटल्यासारखा येत होता. "मी शेडबाळे. ते रानवाघ नावाने… ते मेसेज मीच पाठवले होते. या बाईंची काही चूक नाही. त्यांनी लिहिलं ते खरं आहे. तुमच्या आईंना कसलाही धोका नाही."

आवटी चक्क हसले. तीन दिवस ज्याच्या भीतीने आईच्या दाराला कुलूप लावून बसले होते तो वाघ म्हणजे हा टोपीवाला. आणि मग त्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते उठले, गल्ल्यामागची आपली खुर्ची उचलून बाहेर आणली आणि सरांपुढे ठेवली.

"बसा बसा सर. मोठी माणसं तुम्ही. होतं असं रागाच्या भरात. स्वप्नाली, सरांना पाणी दे. आणि मिटव आता. सोमवारपासून ये नेहमीसारखी, काही हरकत नाही माझी."

हरकत नाही म्हणे. कालपर्यंत हिला हाकलायला निघालेला आज उदार झाला होता. माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. सरांचा हात खुर्चीच्या पाठीवर गेलासुद्धा.

"बसू नका," स्वप्नाली म्हणाली.

सर थांबले. आवटी म्हणाले, "अगं, वयस्कर माणूस आहे."

"सहा वर्षं मी इथे सकाळी नऊ ते रात्री नऊ उभी असते," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "सातव्या महिन्यापर्यंत पोट घेऊन उभी होते. तेव्हा या दुकानात खुर्ची नव्हती, शेठ. यांनी मला धमक्या दिल्या तर लगेच निघाली?"

गिऱ्हाइकांपैकी एक बाई होती, तिने पदर सावरला आणि आवटींकडे असं बघितलं की मला बोलायची गरज उरली नाही.

स्वप्नाली काउंटरची फळी उचलून बाहेर आली. तिने खुर्ची धरली, उचलून आत नेली, काउंटरमागे ठेवली आणि तीवर बसली. पाय पुढे केले. बसल्यावर ती जरा बुटकी दिसत होती, पण त्याची तिला पर्वा नव्हती.

"सोमवारी येते मी," ती आवटींना म्हणाली. "ही इथेच राहील."

आवटी गल्ल्याशी उभे राहिले. सर अजून काउंटरपुढे, हात रिकामे, काहीतरी राहिल्यासारखे. त्यांना वाटत असावं की आता ती माफ केलं म्हणेल, किंवा निदान शिव्या तरी देईल. चार दिवस जिच्या झोपेत ते वाघ होऊन फिरले तिने एकदा तरी घाबरून बघावं, अशीही आशा असेल, कोण जाणे. ते म्हणाले, "बाळ, मी काय म्हणतो…"

मागून एक माणूस लहान मुलाच्या तापाची चिठ्ठी घेऊन आला होता. स्वप्नालीने सरांच्या खांद्यावरून त्याच्यापुढे हात केला.

"जरा बाजूला व्हा," ती सरांना म्हणाली. "गिऱ्हाईक आहे."

सर बाजूला झाले.